सत्तावीस गावं : आत की बाहेर?

“१९८३ला महापालिकेत घातलं. २००२ला काढलं. २०१५ला परत घातलं. २०२०च्या जूनमध्ये त्यातली १८ पुन्हा काढली आणि त्याच डिसेंबरात हायकोर्टानं ते काढणं रद्द केलं. गोठ्यातली म्हैससुद्धा इतक्यांदा आत-बाहेर करून घेत नाही, लाथ मारते.”

हे माझ्या वर्गमित्राला पाठ आहे. डोंबिवलीतल्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. तो निळज्याचा, आगरी शेतकऱ्याचा मुलगा. पुढे एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात लागला आणि मध्ये एकदा ग्रामपंचायतीचा सदस्यही झाला. मी डोंबिवलीच्या चाळीत वाढलेली, बँकेतून निवृत्त, आता एमआयडीसीच्या निवासी विभागात राहते. विषय निघाला की भांडण ठरलेलं. गावं बाहेर काढा, त्यांची वेगळी नगरपालिका करा, हा त्याचा हेका. गावं आता शहरच आहेत, तेव्हा शहराचे कायदे, शहराचे कर आणि शहराच्या सोयी त्यांना लागू झाल्याच पाहिजेत, हा माझा.

ज्यांना या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आजदे, सागाव, सोनारपाडा, भोपर, संदप, दावडी, काटई, निळजे, घेसर, हेदुटणे, कोळे, द्वारली, भाल अशी ही २७ गावं. डोंबिवली पूर्वेच्या पलीकडे, कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि मलंगगडाच्या दिशेनं पसरलेली. १ ऑक्टोबर १९८३ला कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, तेव्हा ती तिच्यात आली. पुढचं पाढ्यासारखं वर आलंच आहे.

“मला सांग,” मी म्हटलं, “यात गाव उरलंय कुठं? काटई नाक्यावर उभा राहा. एकीकडे पलावा गृहसंकुलाचे टॉवर, दुसरीकडे गाळे, गॅरेजं, मार्बलची दुकानं, मध्ये मेट्रोचं काम. तुझ्या या गच्चीतून पूर्वी तळं दिसायचं. आता काय दिसतं?”

“तळंच दिसतं. त्यात उलटे टॉवर दिसतात.”

“म्हणजे शहरच की.”

“तुझ्या हिशेबानं भात गेला की गाव संपलं. आमच्याकडे भात गेला, गावकी नाय गेली. मध्यंतरी आळीतलं एक म्हातारं माणूस गेलं. रात्री अकराला कळलं. सकाळी सातला बांबू, मडकं, लाकडं, माणसं, सगळं दारात. घरच्यांना चहासुद्धा करावा लागला नाही. तुमच्या सोसायटीत काय करतात?”

“शववाहिनीचा नंबर सेक्रेटरीकडे असतो.”

“बघ.”

हे उत्तर मी त्याला आयतं दिलं, पण मीही सोडणारी नाही. “गावकीच्या बैठकीत बायका किती बसतात?”

“आमची सरपंच बाई होती.”

“आणि ठरवायचा नवरा.”

“दीर,” तो हसत म्हणाला. “नवऱ्याला वेळ नव्हता.”

असं त्याचं असतं. भांडतो, पण खोटं बोलत नाही. म्हणून तर त्याच्याशी वाद घालायला मजा येते.

मग तो माझ्या शहरावर घसरला. “तुमची डोंबिवली तरी कधीची? तुमचं गणेश मंदिर १९२४चं. त्या वेळी डोंबिवली आमच्यासारखीच, भाताची नि गवताची. गाडीची सोय होती, भाडं परवडत होतं, म्हणून गिरगाव-दादरहून तुमची माणसं आली. एका पिढीत तुम्ही सांस्कृतिक नगरीचे नागरिक झालात. आम्ही अजून गाववाले. आणि त्या सांस्कृतिक नगरीत २०१७ला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा यजमान कोण होतं?”

उत्तर मला ठाऊक होतं. ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीला आणलं आगरी यूथ फोरमनं. वाचनालयं, व्याख्यानमाला आणि पाडव्याच्या शोभायात्रेचा अभिमान मिरवणाऱ्या आम्हा डोंबिवलीकरांच्या शहरात मांडव घातला तो गाववाल्यांनी. तेव्हा काही चेहरे पडलेले मी पाहिले आहेत, आणि ते पाहून मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकते.

“तू गेला होतास संमेलनाला?”

“तिन्ही दिवस. गाड्या लावून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.”

कल्याणबद्दल तर तो आणखी तिखट आहे. कल्याणचा इतिहास मोठा, यात वाद नाही. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात हे बंदर आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणचे दानशूर आहेत, १६५७ला शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे १८५४ला कल्याणला पोचली. “आम्ही त्यात कुठे?” तो विचारतो. “बंदर कल्याणचं, किल्ला कल्याणचा, जंक्शन कल्याणचं. आम्ही तलाठ्याच्या वहीत. जमीन किती, सारा किती, थकबाकी किती. सरकारला आमची आठवण जमीन पाहिजे असली की येते. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या नेवाळीला इंग्रजांनी विमानांच्या धावपट्टीसाठी जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, इंग्रज गेले, जमीन काही परत आली नाही. शेतकरी ती कसत राहिले, कागदावर ती संरक्षण खात्याची राहिली. जून २०१७ला नौदलानं कुंपण घालायला घेतलं आणि रस्त्यावर गाड्या जळल्या.”

“गाड्या जाळणं बरोबर होतं?”

“नाय. पण ७५ वर्षं अर्ज करणं बरोबर होतं का?”

साठच्या दशकात एमआयडीसी आली, तीही याच गावांच्या जमिनीवर. त्याच्या काकांच्या भातशेतावर आज ज्या कंपनीचं फाटक आहे, त्याच्या शेजारच्याच कंपनीत त्यानं ३० वर्षं कार्ड पंच केलं. लहानपणी पहिल्या पावसात शेताच्या बांधावर वलगणीचे मासे धरायचे, ओढ्यातून उलटे चढून येणारे, पाटीनं उचलायचे. तो ओढा आता नाला झाला आहे आणि आठवड्याच्या वारावर त्याचा रंग ठरतो. २०१४ला डोंबिवलीत हिरवट पाऊस पडला तेव्हा वर्तमानपत्रांना नवल वाटलं. त्याला वाटलं नाही. कोणत्या खात्यात कोणता रंग चालू आहे हे त्याला ठाऊक असायचं.

“म्हणून म्हणतो,” तो म्हणाला, “आमचा कारभार आम्हाला द्या. मी हिल्सबरो बघून आलोय.”

आता हिल्सबरो. त्याची मुलगी न्यू जर्सीत असते, सॉमरसेट काउंटीतल्या हिल्सबरो टाऊनशिपमध्ये. तिच्या बाळंतपणाला नवराबायको गेले आणि उन्हाळाभर राहिले. बायको नातवात रमली. हा रिकामा माणूस टाऊनशिपच्या सभांना जाऊन बसू लागला.

“चाळीसेक हजार वस्ती. थोडी घरं, थोडे मॉल, पण मध्ये मक्याची शेतं, घोड्यांचे तबेले, रस्त्याकडेला टोमॅटोच्या टोपल्या नि पैसे टाकायला डबा. १७७१ची सनद आहे त्यांची, अमेरिका देश होण्याआधीची! पाच जणांची कमिटी, त्यातलाच एक महापौर. सभेच्या दिवशी कुणीही उठायचं, माइकवर जायचं, नाव-पत्ता सांगायचा नि बोलायचं. एक बाई आल्या, गोदामाच्या ट्रकांचा त्रास सांगितला. कमिटीनं ऐकलं, लिहून घेतलं. असल्या साडेपाचशेवर नगरपालिका आहेत त्या एवढ्याशा राज्यात. कुणी म्हणत नाही की लहान आहात, जा मोठ्या शहरात. आणि आम्ही २७ गावं मिळून लायक नाय?”

“घरपट्टी किती भरतो तुझा जावई?”

तो जरा थांबला. “जास्त आहे.”

“तिथली सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जाते. अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त. कारण प्रत्येकाचे पोलीस वेगळे, शाळा वेगळी, बर्फ काढायची गाडी वेगळी. जवळच प्रिन्स्टन आहे. तिथे प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाऊनशिप, एकाच नावाच्या दोन नगरपालिका होत्या. एक पेढ्यातल्या बदामासारखी दुसरीच्या मध्ये बसलेली. २०१३च्या १ जानेवारीला त्या एक झाल्या. दोन-दोन कारभार परवडेनात म्हणून. तू ज्यांचं उदाहरण देतोस, ती माणसंच एकत्र येतायत.”

मला वाटलं, आता हा गप्प बसेल. तो खुर्चीत पुढे सरकला.

“एक झाल्या कशा?”

“मतदान झालं. नोव्हेंबर २०११ला, दोन्हीकडे.”

“दोन्हीकडे! दोघांनी हो म्हटलं तेव्हा एक झाल्या. मग आम्हाला १९८३ला विचारलं? २०१५ला विचारलं? २०२०मध्ये कोर्टानं अधिसूचना रद्द केली ती कशावर? कायद्यानं महापालिकेशी सल्लामसलत करायला हवी होती, ती केली नाही म्हणून. म्हणजे कायद्यालासुद्धा पालिकेला विचारायची आठवण आहे. ज्या गावाचं काय करायचं ते ठरतंय, त्याला विचारायची नाही.”

इथे तो खरं बोलला. इतकी वर्षं आम्ही आत की बाहेर यावर भांडलो आणि मूळ दुखणं या जागी होतं. मोर्चे निघाले, हरकती-सूचना मागवल्या गेल्या, समित्या मंत्र्यांना भेटल्या, निवडणुकीच्या तोंडावर घोषणा झाल्या. मतपेटी ठेवून ‘तुम्हाला काय हवं’ असं एकदाही विचारलं गेलं नाही.

पण तेवढ्यावर मी त्याला जिंकू देणार नव्हते. “हिल्सबरोत लेनापे किती राहिले रे?”

“कोण?”

“तिथले मूळचे लोक. तुझ्या त्या १७७१च्या सनदेआधी ती जमीन त्यांची होती. पुढे १७८५ला अमेरिकेनं कायदाच केला. पश्चिमेकडची सगळी जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत कापायची, एकेका टाऊनशिपचे ३६ तुकडे, सोळावा तुकडा शाळेसाठी. शाळेची आठवण ठेवली, तिथे राहणाऱ्यांची ठेवली नाही. तू ज्या सभेत बसलास ती सभा नंतर आलेल्यांची होती.”

तो बराच वेळ तळ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे तिथे मी जावयाच्या बाजूला बसलो, इथे लेनापेंच्या.”

हिल्सबरोची एक गोष्ट मात्र त्यानं मला शिकवली. त्याच्या मुलीच्या घरामागे एक शेत आहे आणि शेजारी घरांचे भाव एवढे असूनही ते शेतच राहिलं आहे. यानं चौकशी केली. न्यू जर्सीत शेतजमीन राखायचा कायदा आहे, तोही १९८३चाच. शेतकऱ्याच्या जमिनीवर घरं बांधायचा जो हक्क, त्याची किंमत सरकार त्याला देतं. जमीन त्याचीच राहते, विकताही येते, पण तिथे शेतीच करायची, कायमची. “शेत न मोडल्याचे पैसे! इथे ज्या वर्षी आम्हाला महापालिकेत घातलं, त्याच वर्षी तिथे हे सुरू झालं. आम्हाला कुणी सांगितलं असतं की भात लावत राहा, फरक आम्ही देतो, तर निम्मा गाव भात लावत राहिला असता.”

“आणि निम्मा?”

“निम्म्यानं स्कॉर्पिओ घेतलीच असती.”

“मग घेतलीच ना. २००२ ते २०१५, तेरा वर्षं कारभार तुमच्याकडे होता. ग्रामपंचायत तुमची, सरपंच तुमचा. काय केलंत? भाताच्या खाचरात सात मजली इमारती उभ्या केल्यात. रस्ता आठ फुटांचा, गटार नाही, जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागे जायचं. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर घरं विकली गेली. घेणारा कोण? विक्रोळीच्या झोपडपट्टीतून आलेला, कोकणातून आलेला, उत्तर प्रदेशातून आलेला. आयुष्याची पुंजी घातली त्यानं.”

“नियोजन तेव्हा एमएमआरडीएकडे होतं.”

“आणि जमीन तुमच्याकडे.”

“होती,” तो म्हणाला. “वाटण्या झाल्या होत्या. सातबाऱ्यावर १९ नावं, बहिणींची धरून. शेती होईना, एकट्यानं राखता येईना. बिल्डर आला, म्हणाला निम्मे गाळे तुमचे. कोण नाही म्हणेल? पण एक सांग. महापालिकेत असलेली डोंबिवली काय दिवे लावत होती? बेकायदा बांधकामांची चौकशी करणाऱ्या अग्यार समितीसमोर ६७ हजारांवर बांधकामांचा आकडा आला, तो कुणाच्या हद्दीतला? आणि त्या ६५ इमारती? पालिकेची खोटी परवानगी बनवली, तिच्यावर रेराचा नंबर मिळवला, बँकांनी कर्जं दिली. तुझ्यासारख्या बँकवाल्यांनी. हायकोर्टानं नोव्हेंबर २०२४ला सांगितलं, पाडा. महापालिका होती ना तेव्हा?”

होती. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

खरं तर या तेरा वर्षांत मीही ग्रामपंचायतीतच राहत होते. एमआयडीसीचा निवासी विभाग २७ गावांच्या हद्दीत, त्यामुळे आम्ही बंगले-फ्लॅटवाले, निवृत्त इंजिनिअर नि बँकवाले, एका रात्रीत ग्रामस्थ झालो. माझं म्हणणं, आम्हाला तर कुणीच विचारलं नाही.

“ग्रामसभा होती. आलीस कधी?”

“बोलावलं कुणी?”

“नोटीस फळ्यावर लावलेली असायची.”

“फळा कुठे असायचा?”

“पंचायतीत.”

“आणि पंचायत कुठे आहे हे आम्हाला कोण सांगणार?”

“ग्रामसभेत सांगायचो ना.”

दोघंही हसलो, पण पाण्यावर आलो तेव्हा हसू राहिलं नाही. ही गावं एमआयडीसीच्या पाण्यावर, म्हणजे बारवी धरणाच्या पाण्यावर आहेत. कारखान्यांसाठी बांधलेलं धरण, त्याच्या जलवाहिन्या गावांच्या उशाशी, आणि नळाला दाब नाही. टँकर आहे, बोअरचं मचूळ पाणी आहे, रात्री दोनला मोटर लावायची आहे. मे २०२२ मध्ये संदपच्या दगडखाणीतल्या पाण्यावर कपडे धुवायला गेलेल्या एकाच घरातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. मुंबईपासून दीड तासावर, टॉवरांच्या सावलीत, महापालिकेच्या हद्दीत.

“२०१५ला आत घेतलं तेव्हा सांगितलं होतं, पाणी येईल,” तो म्हणाला. “आधी बिल आलं. घरपट्टी वाढली. गाऱ्हाणं सांगायला जावं तर २०२०ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच होता. सरपंचाच्या घरी मी रात्री दहाला जाऊन भांडू शकत होतो. प्रशासकाच्या घरी जाणार होतो?”

“वेगळ्या नगरपालिकेला पाणी कुठून येणार? बारवीतूनच. पैसे कुठून येणार? त्याच बिल्डरांच्या विकास शुल्कातून. म्हणजे अजून टॉवर. तुझा मुलगा काय म्हणतो?”

मी मुद्दाम विचारलं. त्याच्या मुलानं पलावात फ्लॅट घेतला आहे, घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. तिथला रस्ता, बाग, दरवाजावरची सुरक्षा, सगळं देखभाल खर्चातून चालतं. कारभार सोसायट्यांची संघटना आणि व्यवस्थापनवाले बघतात. “तो म्हणतो, बाबा, गाव असो की पालिका, मला ॲपवर तक्रार टाकता आली पाहिजे आणि लिफ्ट चालू पाहिजे. गावदेवीच्या जत्रेला येतो. वर्गणी ऑनलाइन देतो.”

“मग मतदान घेतलं तर तो कुणाकडून?”

“तीच तर भीती आहे,” तो म्हणाला. “मी म्हणतो विचारा, विचारा. विचारणार कुणाला? मतदार यादीत आता आम्ही किती? दहातले दोन? बाकीचे बिल्डिंगमधले. त्यांना गावकी माहीत नाही, गावदेवी माहीत नाही. ते म्हणतील महापालिका पाहिजे.”

“त्यांनी पैसे भरून घर घेतलंय. त्यांची मुलं इथे जन्मली. त्यांना मत नाही?”

“आहे,” तो म्हणाला. हे म्हणायला त्याला वेळ लागला. “आहे मत. हिल्सबरोत माझ्या मुलीला आहे, तर इथे त्यांना आहे. पण गावठाण, गुरचरण, स्मशान आणि तळं, एवढ्याचं काय करायचं ते गाव ठरवील. त्यात बिल्डिंगचं मत नको. बाकी रस्ते, गटारं, पाणी, परवानग्या, त्यावर सगळ्यांनी मिळून मत द्यावं.”

“गुरचरणात आता गुरं आहेत?”

“गुरं नाहीत, म्हणून तर सगळ्यांचा डोळा आहे तिच्यावर.”

हे मला पटलं. पूर्ण नाही, कारण गावठाणात कुणी काय बांधायचं हे एकट्या गावकीवर सोपवलं तर तिथेही सात मजले उठतील. त्यानं उठवलेले नसले तरी त्याच्या चुलतभावानं उठवलेत. पण तळ्याला कुंपण घालून त्याचं ‘लेकफ्रंट’ करायचा निर्णय मंत्रालयात होण्यापेक्षा निळज्यात झालेला बरा, एवढं मी मान्य केलं. गावं आतच राहावीत, हे माझं मत मात्र बदललेलं नाही, आणि मी ते त्याला सांगितलं.

“समज, मतदान झालं,” मी म्हटलं, “आणि तू हरलास. सगळ्यांनी म्हटलं, महापालिकाच हवी. मग?”

“विचारून हरलो तर गप बसेन. कर पूर्ण भरेन.”

“थकलेलासुद्धा? २०१५पासूनचा?”

“तोसुद्धा,” तो म्हणाला. “व्याज सोडून.”